साठा नोंदवही

शाळेची चावी माझ्या पदराला बांधलेली असते,
तांदळाच्या कोठीचीही.
सतरा वर्षं मी इथं खिचडी शिजवते.

त्या रात्री कुत्रं भुंकत होतं,
पण चोरावर भुंकतं तसं नाही.
मोबाइलचा उजेड धरून गेले तर हातपंपाशी माणसं.
पंप कोणी हापसत नव्हतं.
दांडा करकरला तर गाव उठेल म्हणून
गुरांच्या टाक्यातलं पाणी ओंजळीनं पीत होती.

मोजली. अकरा.

कोठचे गा तुमी?
बराच वेळ कोणी बोललं नाही.
मग म्हातारा म्हणाला, दुकालू.
मी गाव विचारलं होतं, त्यानं नाव सांगितलं.
दुकाळात जन्मला म्हणून दुकालू,
एवढं त्याची भाषा न येताही कळलं.

नदीकाठच्या वीटभट्टीवरून आली होती,
धुऱ्याधुऱ्यानं, दोन रात्री.
उचल वीस हजार.
सहा महिने विटा थापल्यावर
मुकादमाच्या वहीत वीसचे बत्तीस झाले होते.

मी चावी काढली.
मोठं मन वगैरे काही नव्हतं, सांगते.
भ्याले होते, कुलूप दोनदा हातातून सुटलं.
पण आमचं गाव धरणात गेलं तेव्हा
आम्ही एकोणीस दिवस दुसऱ्यांच्या शाळेत निजलो,
आणि तिथली खिचडीवाली रोज सकाळी म्हणायची,
दहाच्या आत वर्ग रिकामा करा.
तिचं काही चुकलं नव्हतं. पोरं यायची असत.
तरी तो आवाज अजून कानात आहे.

भात टाकला. घरून अंबाडीची भाजी आणली.
त्यांच्यातली पोटुशी बाई, बिसाहिन,
ताटाकडं न बघता काहीतरी पुटपुटली.
मंटोरा नावाच्या पोरीनं समजावलं:
अंग धुवायला आडोसा आहे का, विचारते.
मुलींच्या न्हाणीला दार नाही,
चार वर्षं मागतो आहोत.
मी भिंतीवरचा भारताचा नकाशा काढला
आणि तिथं टांगला.

सकाळी जीप आली.
मुकादम, पांढरे बूट, मागं दोघं.
आमची माणसं इकडं आलीत, म्हणाला.
मी म्हणाले, इकडं कोणाचं कोणी येत नाही.
पाटी वाच. नवीन आंबाटोला, पुनर्वसित.
आमचेच पाहुणे अजून जुन्या रस्त्यानं जातात
आणि पाण्यापाशी थांबून फोन करतात.

तो हसला नाही. दाराकडं बघत राहिला.
आत कावळे गुरुजी पाढे म्हणवून घेत होते.
त्यात दोन आवाज परके,
बे दुणे चारला छत्तीसगडी हेल.
मला तो ढोलासारखा ऐकू येत होता.
त्याला नाही आला.
बाकीचे नऊ कोठीत, पोत्यांमागं,
श्वास मोजत.

मग गुरुजींचे फोन, पोलिस पाटील,
तिसऱ्या दिवशी साहेब, कागद, गाडी.
सुटकेच्या कागदावर साहेब एकेकाला विचारत होते,
मूळ गाव?
जो तो पटकन सांगत होता.
मग साक्षीदार म्हणून मला. मूळ गाव?
मी म्हणाले, आहे.
उन्हाळ्यात पाणी उतरलं की
आमच्या पिठाच्या गिरणीचा चौथरा दिसतो, तेवढं.
पेन बराच वेळ रकान्यावर थांबलं.

बिसाहिन गाडीत चढली.
मागं वळून पाहिलं की नाही, आठवत नाही.
मी नकाशा वाळत घालत होते.

महिनाअखेर साठा नोंदवहीत सात किलो तांदूळ कमी आला.
गुरुजींनी शेरा मारला: उंदरांनी खाल्ला.
तपासणीच्या मॅडमनी चष्म्यावरून पाहिलं.
किती उंदीर होते?
गुरुजींच्या आधी मीच बोलून गेले,
अकरा.
एक पोटुशी.